‘आधी’चा फोटो

“हेच का ते मामा?” पाहुण्या मॅडमनी भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं आणि विज्ञानाच्या बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

फोटो दोन होते. एकाखाली लिहिलं होतं ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’. ‘आधी’मध्ये शाळेचे शिपाई मामा हातात काठी घेऊन उभे, पायाशी मेलेली धामण. ‘नंतर’मध्ये तेच मामा पोरांच्या घोळक्यात, साप उचलायची आकडी घेऊन. पोरांना सापांची ओळख करून देण्याच्या या प्रकल्पाला एका संस्थेनं छोटंसं अनुदान दिलं होतं. मॅडम त्याच संस्थेच्या. पुढच्या वर्षी अनुदान द्यायचं की नाही, हे त्या आज काम बघून ठरवणार होत्या. मिळालं तर आसपासच्या चार शाळांत हेच शिकवता येणार होतं.

काम काही खोटं नव्हतं. साप दिसला की पोरं आता दगड शोधत नव्हती, मामांना शोधत होती. खोटा होता तो अर्ज. त्यात एक प्रश्न होता, ‘प्रकल्पामुळे कोणामध्ये बदल घडेल?’ बाईंनी बराच वेळ पेन चावलं आणि मग दिलं ठोकून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मामांना विचारलंसुद्धा नाही. शिपायाला काय विचारायचं? वर सहा महिन्यांनी, मामा किती पटकन शिकले म्हणून अहवालात कौतुकही केलं.

मामा चहाचे कप घेऊन आत आले. मॅडमनी फाइलमधला तो अर्ज काढून मोठ्या आपुलकीनं त्यांच्यापुढे धरला.

“वाचा ना, मामा. तुमच्याबद्दलच आहे.”

मामांनी कप ठेवले, हात पुसले, चष्मा लावला. एकेक शब्द तोडत मोठ्यानं वाचू लागले. “अज्ञानापोटी पंचवीस वर्षं दिसेल तो साप ठेचून मारणारे आमचे शिपाई...” पुढे त्यांनी वाचलं नाही. चष्म्याच्या वरून बाईंकडे बघितलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस खरं बोलला तर अनुदान गेलं, आणि गप्प बसला तर त्याच्या माथी हे कायमचं बसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी मान खाली घातली आणि चहाकडे बघत राहिल्या.

“हो. मीच तो,” मामा म्हणाले.

“किती मारले असतील हो?”

“एक.”

मॅडम हसल्या. “पंचवीस वर्षांत एकच?”

मामा गडबडले. खोटं बोलायची सवय नसली की माणसाचं असं होतं. “म्हणजे बाकीचे पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून यायचो. पण बाईंनी लिहिलंय तेही चुकीचं नाही म्हणा. एक तर मारलाच ना.”

मॅडमचं हसू आता मावळलं. “सगळे सोडलेत, मग तोच एक का मारलात?”

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “वर्ग भरला होता. पोरं घाबरली होती.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. मामा रिकामा ट्रे उचलून दाराकडे वळले. तेवढ्यावरच थांबलं असतं तर सगळंच निभावलं असतं. अनुदानही मिळालं असतं.

“थांबा, मामा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “वर्ग भरला नव्हता, मॅडम. सुट्टी होती. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. मामा तीनदा म्हणाले, गरीब जनावर आहे, बाई, सोडून येतो. टेबलावर चढून ‘मारा, मारा’ म्हणून ओरडत होती ती मी. फोटोत मी दिसत नाही, कारण फोटोही मीच काढला.”