तिसऱ्या टप्प्यावर

चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या ऑफिसात बालाजीराव जेवायला न उठता स्क्रीनसमोर बसून होते. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून माल निघाल्याची नोंद इथल्या सर्व्हरवर येत नव्हती, आणि नोंद झाल्याशिवाय तिथे ट्रक फाटकाबाहेर सोडत नव्हते. सोमवारी कारखाना उघडल्यापासून हेच, आज चौथा दिवस. रविवारी, बाहेरून येणारी माहिती तपासून आत सोडणाऱ्या फायरवॉलवर कंत्राटावरच्या श्रीविद्याने काम केलं होतं, म्हणून सोमवारीच तिला काढलं. ट्रक अडलेलेच राहिले.

हाताखाली आता कोणी उरलं नव्हतं. कित्येक वर्षांनी ते स्वतः माग काढायला बसले. कारखान्याकडून येतं तसं माहितीचं एक चाचणीचं पॅकेट त्यांनी फायरवॉलला दिलं आणि ते एकेक टप्पा कसं ओलांडतं ते वाचू लागले. पहिल्या टप्प्यावर आत घेतलं. दुसऱ्यावर बाहेरचा पत्ता काढून सर्व्हरचा आतला पत्ता लावला. तिसऱ्यावर नियमांशी ताडून पाहिलं, आणि तिथेच टाकून दिलं. नियमात बाहेरचा पत्ता लिहिलेला होता. पॅकेट तिथवर पोचेपर्यंत तो पत्ता त्याच्यावर राहतच नव्हता.

नवशिक्याची चूक. नियम कोणी लिहिला ते त्यांनी पाहिलं. शनिवार, संध्याकाळचे सहा चाळीस. पुतणीच्या लग्नात, मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्यांनीच लिहिला होता.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. ट्रक सुटल्याचा कारखान्यातून फोन आला. काय झालं होतं, ते कोणी विचारलं नाही.

ते उठून मॅनेजर वेंकटच्या खोलीत गेले. चूक माझी, त्या मुलीला परत बोलवा, म्हणाले. वेंकटने चष्मा काढून डोळे चोळले. क्लायंटला तिचंच नाव कळवलंय, आता ते उकरू नका, निवृत्तीला तुमचंही दीडच वर्ष राहिलंय, असं तो शांतपणे म्हणाला.

बालाजीरावांनी जिन्यात येऊन श्रीविद्याला फोन लावला. एरवी ऑफिसात ते दोघंच एकमेकांशी मराठी बोलत. सोमवारी मात्र त्यांनी तिला इंग्रजीत काढलं होतं. आता त्यांनी घरच्या मराठीत सगळं सांगितलं, काही न वगळता.

“सर, हे लिहून द्याल?” तिने विचारलं, इंग्रजीत.

“देतो.”

“माझा ऑफिसचा ईमेल तुम्ही बंद केलात. दुसरा सांगते, लिहून घ्या.”

खिशात कागद नव्हता. ती एकेक अक्षर सांगत गेली, ते तळहातावर लिहीत गेले. झाल्यावर तिने त्यांना तो वाचून दाखवायला सांगितला. त्यांनी वाचला. एक अक्षर चुकलं होतं. तिने ते दुरुस्त करून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.