मोहिनीच्या मनगटावर

"बदाम काढू, मोर काढू, का देवाचं नाव?" धारूरच्या बाजारात गोंदणाऱ्या परमेश्वरानं विचारलं.

सत्यभामानं सात वर्षांच्या मोहिनीचा हात त्याच्यासमोर धरला आणि एक कागद पुढं केला.

"डायक्लोफिनॅक? हे कंचं दैवत, ताई?"

"तापाच्या सुईतलं औषध हाय. दिवाळीत दिलं, तर पोरीचे व्हट सुजले, अंगभर गांधी उठल्या, दम कोंडला. बीडच्या दवाखान्यात दोन दिस नळ्या लावून ठिवलती. त्याच्याम्होरं 'नको' बी लिव्ह."

सासू भिवराबाई मागंच उभी. "कागद हाय की! हातावर कावून?"

"पयला कागद मेंढीनं खाल्ला, आत्याबाई. ह्यो दुसरा हाय."

आठ महिने मेंढरांमागं हिंडणारं बिऱ्हाड. गावागणिक नवा डॉक्टर. ताप दिसला की ह्यांचा हात आधी सुईकडं! मागच्या महिन्यात एकानं काही न विचारताच सुई भरली. कसली, तेही सांगेना. सत्यभामानं पोर ओढून घेतली, तर म्हणे, डॉक्टर तू का मी? विचारायला काय जीभ झिजत होती?

"असलं गोंदलेली पोर कोन करून घील?" भिवराबाई हटेना.

"आदी जगू द्या तिला. सोयरीक मंग बघू."

"दंडावर काढतो," परमेश्वर म्हणाला. "झाकून राहील."

"झाकायचं न्हाई. मनगटावर काढ, नाडी तितंच बघत्यात. आन सुई नवी घाल, माज्यासमोर."

मशीन घरघरलं. मोहिनी लई रडली, पण हात मागं घेतला नाही. भिवराबाई आधी तोंड फिरवून उभी होती. मग खाली बसली आणि नातीचं डोकं मांडीवर घेतलं.

"वाच," सत्यभामा म्हणाली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.

दुसरीतल्या मोहिनीनं हुंदके देत एकेक अक्षर लावलं. "डा... य... क्लो... फि... नॅक... नको." मग आईकडं बघितलं. "डागदरनं बघितलंच न्हाई तर?"

"हात वडायचा, आन मोठ्यानं वाचायचं."

"तरी न्हाई आयकलं तर?"

सत्यभामा काही बोलायच्या आत भिवराबाई ठणकावून म्हणाली, "तर चाव मेल्याला! म्होरचं मी बघती."