अंगावरचं लुगडं

भुरी म्हशीनं लाथ झाडली तशी चरवी गोठ्याच्या भिंतीवर आपटली आणि प्रियदर्शनी शेणात बसली. पंगतीला बसावं तशी, अगदी ऐसपैस.

"पडलीस व्हय गं?" आतून मालुबाईनं विचारलं.

"नाही, आत्ती. चरवी पडली."

"चरवीचा आवाज निराळा, माणसाचा निराळा."

गोठ्यात पाय घसरून खुबा मोडल्यापासून मालुबाई माजघरात कॉटवर पडून होती आणि जांबोटीचं ते घर तिथूनच हाकत होती. बेळगावातल्या शाळेत रजा टाकून सून आली, ती सासूची सेवा करायला. पण सुखानं सेवा करू देईल ती मालुबाई कसली! सुनेच्या हातची पेज चालायची, गोळ्या चालायच्या. अंगाला हात लावलेला चालायचा नाही. अंग पुसायला, लुगडं बदलायला शेजारची रुक्माबाई यायची. तीही सत्तरीची, तिलाच धरून आणावं लागे. "सुनंम्होरं उघडी हुईन व्हय मी?" हे मालुबाईचं ठरलेलं उत्तर.

आणि म्हशीचंही तेच. रेडकू होतं तोवर ते सोडलं की भुरी पान्हवायची, मग धार कुणीही काढावी. परवा रेडकू मेलं आणि तिनं कास आखडली. आता ती एका मालुबाईलाच मानणारी. सुनेनं पेंड घातली, पाठ खाजवली, लाडीगोडी लावली, थेंब नाही. कास तटून दगड झाली होती.

काल रात्री तिच्या नवऱ्यानं, सौरवनं, फोनवरच निकाल लावून टाकला. उद्या दुपारी व्यापारी येईल, म्हैस जाईल. पुढच्या आठवड्यात आईलाही बेळगावला आणून म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथं ठेवायचं. "तुला जमत नाही तिथं, प्रिया. उगाच दोघींचे हाल." फोन स्पीकरवर होता. मालुबाईनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडं मान वळवली.

ते 'जमत नाही' प्रियदर्शनीला फार लागलं होतं, कारण ते खरंच होतं. या घरात म्हशीपासून सासूपर्यंत कुणालाच ती नको होती. हातपाय धुऊन ती आत आली, उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली. तोंड लपवायचंही तिला सुचलं नाही.

मालुबाईनं मान उंबऱ्याकडं वळवली.

"रडून म्हस दूध देत असती तर गावात दुधाचा पूर आला असता," ती म्हणाली. "ऊठ. माझं लुगडं नेस आणि बस धारेला."

प्रियदर्शनी डोळे पुसत ट्रंकेकडं गेली.

"ट्रंकंतलं न्हवं गं. त्याला डांबरगोळीचा वास. म्हस काय खुळी हाय?" मालुबाईनं वाकळ गळ्यापर्यंत ओढली. "अंगावरचं पायजे. माझ्या वासाचं."

प्रियदर्शनीनं ट्रंक लावली.

"रुक्माबाईंना बोलावू?"

"ती यीस्तवर दुपार हुईल. कास बघितलीस न्हवं? तिकडं जनावराचा जीव चाललाय आणि मी हितं लाजत बसू?" मालुबाईनं डोळे गच्च मिटले. "घे सोडून. दार लाव आदी."

प्रियदर्शनीनं दार लावलं. वाकळ तशीच अंगावर ठेवून ती खालून लुगडं सोडवू लागली. कुशीवर वळवताना मालुबाईची बोटं तिच्या दंडात रुतली. दुखत होतं की लाज वाटत होती, कुणास ठाऊक, दोन्ही असणार. माकडहाडाशी लालभडक चट्टा होता, कातडी सुटायला आलेली. रुक्माबाईच्या अधू डोळ्यांना तो दिसला नव्हता आणि मालुबाईनं सांगितला नव्हता. प्रियदर्शनीनं आपली धुतलेली मॅक्सी सासूच्या अंगात घातली.

"शी! झबलं घातल्यागत वाटतंय," मालुबाई म्हणाली. मग डोळे उघडून लुगडं नेसणाऱ्या सुनेकडं बघितलं आणि तिला राहवेना. "कासोटा मागं खोच. मागं गं, मागं! शाळंत पोरांस्नी काय शिकिवतीस?"

गोठ्यात भुरीनं मान वळवली. पदराला खोबरेल होतं, मिश्री होती, बाम होता, म्हातारीचा घाम होता. भुरीनं तो हुंगला, पुन्हा हुंगला. प्रियदर्शनीनं कासेला हात लावला तसा तिनं पाय उचलला. प्रियदर्शनीनं हात तसाच ठेवला. भुरीनं पाय सावकाश खाली ठेवला. जरा वेळानं चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली.

"हळू ओढ गं, दुखतंय तिला!" आतून मालुबाई ओरडली.

प्रियदर्शनी आत आली तेव्हा चरवी अर्धी भरली होती आणि कासोटा पुरता सुटला होता.

"सौरवला फोन लाव," मालुबाई म्हणाली. "व्यापाऱ्याला येऊ नगं म्हणावं."

"आणि पुढच्या आठवड्याचं?"

मालुबाईनं ते ऐकलंच नाही. "चुलीवर पाणी ठेव. आंग धुवायचं ऱ्हायलंय माझं. पाठीला त्ये लई जळजळतंय."

"ठेवते. रुक्माबाई येतीलच दुपारपर्यंत."

"तिला चा पाज आणि धाड घरला." मालुबाई मॅक्सीची बटणं चाचपडत होती. एक सुटलं होतं, दुसरं सुटत नव्हतं. "म्हशीनं घेतलं तुला ठेवून. मी काय तिच्यापरास मोठी लागून गेले?"