अलगद

"सोडू नका, बाबा! बटणावरचं बोट सोडू नका!"

बोट सुटलं. फाइल पडद्यावरच्या फ्लॉपीच्या दारापर्यंत आली आणि कडेलाच पडली. सकाळपासून कितव्यांदा, ते लेकीने मोजायचं सोडून दिलं होतं.

याच माणसाला गोदामातले हमाल 'अलगद' म्हणायचे. तीस वर्षं पाठीवरून काचेच्या पेट्या वाहिल्या, एकीला तडा नाही. पाठ गेली, तेव्हा मॅनेजर म्हणाला, लेक परगावच्या नोकरीवर चाललीये तर तिची कॉम्प्युटरची खुर्ची बाबांना देऊ. अट एकच. पाचच्या आत बारा फाइली माउसने ओढून फ्लॉपीत टाकून दाखवायच्या. नाहीतर बाहेरचा माणूस येणार. आणि बाबांना रिकाम्या घरात एकटं बसवून ती कुठली जातेय!

"टेबल संपलं की गं."

"माउस उचलून अलीकडे घ्या. पण बोट..."

"पडली बघ! हिच्यापेक्षा काच बरी. निदान हाताला लागते तरी."

पाचला दहा कमी होते.

"राहू द्या, बाबा. नाही जात मी."

बाबांचा चेहरा उजळला. अगदी क्षणभरच. कारण तिने पर्समधून नेमणुकीचं पत्र काढलं, घडीवर घडी घातली, पार काडेपेटीएवढं केलं आणि हात टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीवर नेला.

"सोडू नकोस!" बाबा ओरडले.

हात तिथेच अधांतरी राहिला. बाबांनी माउस धरला. एक फाइल उचलली, नेली, ठेवली. दुसरी. तिसरी. टेबल संपलं तिथे माउस उचलून अलीकडे घेतला, बोट जागचं हललं नाही. बाराच्या बारा फाइली फ्लॉपीत. लेक तोंडाचा आ करून बघत राहिली.

मग बाबांच्याच कपाळाला आठी पडली. "अगं, सगळ्या नेल्या, तरी इथे आहेत तशाच?"

"फ्लॉपीत प्रत जाते, बाबा. मूळ फाइल घरीच."

"म्हणजे तिकडे गेली तरी इथे असते?"

"असतेच."

बाबांनी तिच्या मुठीतलं पत्र काढून घेतलं आणि मांडीवर ठेवून एकेक घडी सरळ करू लागले.

"मग हे सकाळीच नाही का सांगायचं! उगाच दिवसभर पाडत बसलो."