बाटलीबाईंचा चहा

"चहा ठेवता का, ताई?" बाटलीबाईंनी विचारलं आणि शिवणताईंचा मशीनवरचा पाय थांबला.

हा प्रश्न गल्लीत दुसऱ्या कुणी ऐकला असता तर त्याचा कानांवर विश्वास बसला नसता. बाटलीबाई हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. बँकेतल्या या बाई कुणाच्याही घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. खांद्याला पिशवी आणि पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. कुणी आग्रह केलाच तर उत्तर ठरलेलं असायचं, "आमच्याकडे नियम आहे. सभासदाच्या घरचं काही घ्यायचं नाही."

त्या काळी बँक ही बँक नव्हती. बायकांना लहानसहान कर्जं देणारी एक संस्था होती आणि तिच्या बैठका याच खोलीत, याच फरशीवर व्हायच्या. पुढे तिला काचेचं दार आलं, गार हवा आली, कॉफीचं यंत्र आलं. आता तर पुरुषांनाही आत घेतात, असं शेजारीण डोळे मोठे करून सांगायची. शिवणताईंचं मशीन पहिल्या कर्जातलं. त्याच मशीनवर लेकीचं शिक्षण झालं आणि आता लेक त्याच बँकेत लागली होती. उद्यापासून ती नाल्यापलीकडच्या नव्या वस्तीत घरोघर फिरणार होती. तिची कोरी पिशवी खुर्चीवर तयार होती.

सगळं खरं, पण शिवणताईंच्या मनात एक जुना सल होता. बाटलीबाई पहिल्यांदा घरी आल्या तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या. घरात एकच न तडकलेला कप होता. तो त्यांनी घासूनपुसून ठेवला होता. स्टोव्हवर चहाला उकळी फुटली आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ताई, थांबा. चहा नको. आमच्याकडे नियम आहे." त्यानंतर शिवणताईंनी त्यांना कधीही चहा विचारला नाही. नियम आहे म्हटल्यावर बोलणार तरी काय?

आणि काल रात्री लेक प्रशिक्षणाहून परतली ती हसतच. "आई, असा काही नियमच नाही गं. मी विचारलं तर सगळे मला हसले. भेटवस्तू घ्यायची नाही एवढंच. चहापाणी सगळेच घेतात म्हणे."

शिवणताईंना हसू आलं नाही. त्यांनी लेकीच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून फळीवर ठेवली. "तू ही न्यायची नाहीस. जिथे मिळेल तिथे चहा प्यायचा. आपल्यातली होऊन कुणाला हिणवायचं नाही."

आणि आज या बाई दारात उभ्या. हातात पिशवी नाही की बाटली नाही.

"कालच निवृत्त झाले," बाटलीबाई खाली बसत म्हणाल्या. "आता मी बँकेची कुणी नाही. म्हटलं, आधी तुमच्याकडे यावं."

शिवणताई जागच्या हलल्या नाहीत. "नियम नव्हताच म्हणे."

बाटलीबाईंनी पदर सावरला. "लेक बोलली वाटतं. नव्हता."

"मग आमच्या कपाला काय किडे लागले होते?"

"तसं नाही, ताई."

"तसंच आहे. दारोदार तुमची आपली बाटली. आम्ही मेल्या भाबड्या, म्हणायचो बाई शिस्तीच्या आहेत."

बाटलीबाईंनी वर पाहिलं. छताला एक गंजलेली कडी होती. "इथे झोळी होती ना?"

"होती. लेकीची."

"मी आले तेव्हा ती झोळीत कुरकुरत होती. खाली पाटावर एक वाटी होती. वाटीत चमचा आणि तिच्यापुरतं थोडंसं दूध. तुम्ही मला बसा म्हणालात आणि जाताना ती वाटी उचलून आत नेलीत."

शिवणताईंची नजर फरशीवर, पाट असायचा तिथे गेली.

"काय बोलावं सुचेना," बाटलीबाई म्हणाल्या. "नुसतं नको म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. दूध दिसलं म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा माझ्यासमोर मान वर करून बसला नसतात. तोंडाला आलं ते बोलले. नियम आहे, म्हटलं."

"एवढंच होतं तर पुढच्या घरी घ्यायचा होता चहा."

"घेतला असता तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळलं असतं. या गल्लीत काय लपतं?" त्या जरा हसल्या. "आणि मग मला सवयच लागली. कुठेही गेले की आधी पाटावर, कोपऱ्यात नजर जायची. कुठे ना कुठे वाटी असायचीच."

मशीनखाली चिंध्यांचा ढीग पडला होता. शिवणताईंनी तो उगाच पायाने गोळा केला. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि आतूनच त्यांनी विचारलं, "साखर किती घेता? मला माहीतच नाही."

"एक चमचा."

"आणि दूध?"

"आज घाला," बाटलीबाई म्हणाल्या.

चहा उकळायला ठेवून शिवणताईंनी फळीवरची बाटली खाली काढली, विसळली, काठोकाठ भरली आणि बाहेर येऊन लेकीच्या कोऱ्या पिशवीत ठेवली.