जोलीनच्या दोन सकाळी

"काळजी घेणारा माणूस हा या देशाचा कणा आहे," ग्लेन हॅडलो म्हणाला आणि व्हिटनांच्या सोफ्यात कमरेपर्यंत रुतला. देशाच्या कण्यानं पुढे येऊन हात दिला, तेव्हा कुठे त्याला उठता आलं.

"पाय आधी जवळ घ्या. आता पुढे वाका. हं, उठा," नोरीनबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवलं आणि पाठीशी उशी खोचली.

ग्लेन होबार्टहून पाहणीसाठी आला होता. क्लॅरी व्हिटनला पार्किन्सन जडून बरीच वर्षं झाली होती. सेवासंस्थेची मदतनीस जोलीन आठवड्यातून दोन सकाळी येऊन त्याला आंघोळ घाली, घर आवरी, त्याचं आणि त्याच्या बायकोचं, नोरीनबाईंचं, जेवण करून ठेवी. त्या दोन सकाळी चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे ग्लेन आज ठरवणार होता. पाहणीच्या दिवशी मदतनिसाला सुट्टी द्यायची, असा संस्थेचा शिरस्ता होता. मदत हवी का असं मदतनिसाला विचारलं तर ती हो म्हणणारच, एवढं साधं तर्कशास्त्र त्यामागं होतं.

क्लॅरी खिडकीशी बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. बटणं जोलीननं आदल्या दिवशीच लावून ठेवली होती, म्हणजे तो नुसता डोक्यातून घालता यावा. आज एक वाक्य पुरं बोलायचं, असं क्लॅरीनं ठरवलं होतं. जोलीननं ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

"काय क्लॅरी, कसं काय?" ग्लेननं ओरडून विचारलं. हात थरथरणाऱ्या माणसाला ऐकूही कमी येतं, असा त्याचा समज होता.

"ठीक," क्लॅरी म्हणाला आणि लगेच पस्तावला. पण इलाज नव्हता. टास्मानियाच्या या किनाऱ्यावर माणसाचा पाय ट्रॅक्टरखाली आला तरी तो ठीकच असतो. त्यानं श्वास घेतला आणि ठरवलेलं वाक्य सुरू केलं. "नोरीनला... घर..."

"यांना सावकाश बोलू द्या," नोरीनबाई म्हणाल्या.

ग्लेननं चहाचा एक घोट होईपर्यंत वाट पाहिली. मग तो त्यांच्याकडे वळला. "यांच्या गोळ्यांचं कसं काय?"

"जेवणाआधी. मटणाबरोबर दिल्या तर लागू पडत नाहीत. वेळ चुकली की पाय जमिनीला खिळतात. तेव्हा ओढाओढ करायची नाही. आपलं पाऊल समोर ठेवायचं आणि म्हणायचं, हे ओलांडून या."

"वा. हे कुठं शिकलात?"

"मी सिस्टर आहे," नोरीनबाई जरा दुखावून म्हणाल्या.

"खरंय. एकदा सिस्टर ती कायमची सिस्टर."

"नोरीनला... घर..." क्लॅरी पुन्हा म्हणाला.

"सोडवत नाही," ग्लेननं वाक्य पुरं केलं. "कुणाला सोडवतं, क्लॅरी? माझ्या आईला घराबाहेर काढायला आम्हाला दोन पाद्री लागले होते."

क्लॅरीचा हात मांडीवर आपटू लागला.

"हे नेहमीचं?" ग्लेननं विचारलं.

"चिडले की वाढतं. भेटायला आलेली माणसं फार वेळ बसली की चिडतात."

"म्हणजे मी उठावं म्हणता?"

"नाही हो. बसा. चहा घेता का?"

"आत्ताच झाला की."

"म्हणून काय झालं? आणखी एक घ्या."

हा ग्लेनचा तिसरा कप. खेड्यातल्या पाहुणचारापुढे आडवेढे घेऊन उपयोग नसतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"रात्री कोण बघतं?"

"रात्रपाळीही माझ्याच माथी मारलीय. तक्रार करायची कुणाकडे?"

ग्लेन मोकळेपणानं हसला. "आणि तुमच्याकडे कोण बघतं, बाई?" हा प्रश्न त्याला प्रशिक्षणात शिकवला होता. विचारताना मान थोडी तिरकी करायची असते. त्यानं ती केली.

"माझ्याकडे? मला काय धाड भरलीय?"

एवढं पुरेसं होतं. ग्लेननं कप खाली ठेवला आणि खुर्ची क्लॅरीजवळ ओढली.

"तुला सरळच सांगतो, दोस्ता. नशीबवान आहेस. इतकी तयार बाई या अख्ख्या किनाऱ्यावर पाहिली नाही मी. जोलीनला आता आम्ही दुसरीकडे पाठवू. ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांच्याकडे. तुझी हरकत नसणार."

क्लॅरीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायचं कधीच थांबलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी ग्लेनची बाही धरली.

"नोरीनला... घर..."

"कळलं रे, कळलं," ग्लेन म्हणाला आणि एकेक बोट हळुवारपणे सोडवून त्यानं बाही मोकळी केली. "घर कुठं पळून चाललंय?"

तो बाहेर आला. काम लवकर उरकलं होतं. अल्व्हरस्टोनमध्ये थांबून मासे आणि बटाट्याच्या फोडी खाता येतील, असा हिशेब करत त्यानं गाडी सुरू केली, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. नोरीनबाई होत्या. कोट चढवलेला, गळ्याशी रुमाल बांधलेला, हातात पर्स. आभार मानायला आल्या असतील, असं वाटून ग्लेननं काच खाली केली आणि देशाच्या कण्याबद्दलचं वाक्य पुन्हा तयार ठेवलं.

"बरं झालं गाठलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माझी ड्यूटी आत्ताच संपली. वाटेत मला घरी सोडाल का? आमचा क्लॅरी जेवायचा थांबला असेल."