पाटणकरचा अंगठा

"पाटणकर घ्या जमालभाय, आणि मला रिबेलो द्या," दत्ताराम म्हणाला आणि वाटीतली डाळ पीत राहिला. जणू दिलं काय, न दिलं काय, त्याला सारखंच.

सौदीतल्या जुबैलच्या त्या कॅम्पात कोकणातले आठ जण होते, आणि आठही जणांकडे अकरा-अकरा खेळाडूंचा संघ होता. कागदावरचा. खेळाडू मुंबईच्या क्लबांतले, खरेखुरे. ते तिकडे मैदानात घाम गाळायचे आणि गुण इकडे वाळवंटात जमा व्हायचे. धावेला एक, बळीला वीस. वही वेल्डर शंकरकडे. पहिल्या पानावर त्यानं नियम लिहिले होते. अदलाबदल फक्त शुक्रवारी, जेवण संपायच्या आत, दोघांच्या सह्यांनी. सही झाली की माघार नाही. खेळाडू आजारी पडो नाहीतर बोहल्यावर चढो, त्याचं शून्य त्याच्या मालकाच्या नावावर. गुण धरायचे ते शनिवारी मेसच्या भिंतीवर लागणाऱ्या वर्तमानपत्रातले.

आदल्या वर्षी हरणाऱ्यानं सगळ्यांचे कपडे धुतले होते. यंदा डाव मोठा होता. ईद आणि गणपती एकाच आठवड्यात येत होते, आणि त्या आठवड्यासाठी कंपनीनं आठ जणांत मिळून एकच रजा दिली होती. कुणाची तोंडं फुटायच्या आत शंकरनं ठरवून टाकलं: मेअखेर जो पहिला, तो घरी.

आज अठरा मे. जमालुद्दीन पहिला, दत्ताराम दुसरा.

"पाटणकर?" जमालुद्दीननं भाकरीसारखी जाड खुबूज मोडली. "एवढा मोहरा काढतोस? सहा सामन्यांत तीन शतकं त्याची."

"मला गोलंदाज कमी पडतात."

दत्ताराम गोदामात कारकून होता. टपालाची पिशवी त्याच्यापुढे उघडायची. बुधवारी, सोळा तारखेला, भिंतीवर जायचं वर्तमानपत्र त्यानं नेहमीसारखं आधी वाचलं. खेळाच्या पानावर चार ओळींची बातमी होती. पाटणकरच्या अंगठ्याचं हाड मोडलं, दीड महिना विश्रांती. दत्तारामानं पेपर होता त्याच घडीवर दुमडून ठेवला.

लबाडी होती, हे त्यालाही कळत होतं. पण तीन वर्षं तो इथे होता. दोन वर्षांनी मिळायची रजा गोदामाच्या मोजदादीत बुडाली. मुलगी त्याच्या पाठीमागे जन्मली. बायकोनं, शेवंतानं, लिहिलं होतं, पोस्टमन दिसला की ती 'बाबा आला' म्हणून अंगणात पळते.

जमालुद्दीन कंपनीची बस चालवायचा, जुबैल ते धाहरानचा विमानतळ. माणूस साधा. विमानातून उतरलेल्यांनी सीटवर टाकलेली वर्तमानपत्रं बसची काच पुसायला जमवायचा. त्याला एकच खोड होती. बापाच्या दुकानातली सवय. हातात पडलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात 'मिळालं' लिहून तारीख टाकायचा. बायकोच्या, खतीजाच्या पत्रांवर, पगाराच्या पाकिटावर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

"उद्या कांद्यावर पण तारीख टाकाल जमालभाय," फिटर दौलत चिडवायचा.

"कांदा हिशेब ठेवत नाय रे. कागद ठेवतो."

पाच ईदा त्यानं इथे काढल्या होत्या. खतीजानं लिहिलं होतं, 'तुम्ही आलात तर शिरखुर्मा करीन. नाहीतर यंदाही नाही.' हे पत्र त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, हसत हसत.

"यल्ला, उरका," शंकर वही उघडून म्हणाला. "ताटं उचलायला लागले."

जमालुद्दीननं दत्तारामाकडे पाहिलं. "पोर केवढी झाली रे तुझी?"

"अडीच वर्षांची."

"चालते?"

"पळते."

"दे इकडे पेन," जमालुद्दीन म्हणाला. त्यानं सही केली आणि सवयीनं खाली तारीख टाकली.

शनिवारी पेपर भिंतीवर लागला आणि मेसमध्ये हशा पिकला.

"जमालभाय, तुमच्या मोहऱ्याचा अंगठाच गेला की!" दौलत ओरडला. "अंगठा दाखवला तुम्हाला!"

"खलास," जमालुद्दीन म्हणाला आणि सगळ्यांबरोबर हसला. दत्ताराम मात्र अर्धं ताट उचलून उठला.

रिबेलोनं पुढच्या दोन सामन्यांत अकरा बळी घेतले. मेअखेर शंकरनं बेरीज तीनदा तपासली. दत्ताराम अकरा गुणांनी पहिला.

ऑगस्टमध्ये त्याला विमानतळावर सोडायला बस जमालुद्दीनचीच होती. वाटभर दत्ताराम काचेतून वाळू बघत होता. धाहरान दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "जमालभाय, एक सांगायचं होतं."

"पत्रात लिही. तारीख टाकून ठेवीन."

"नाही, ते पाटणकरचं..."

"पाटणकरचा अंगठा भरला असेल रे आता." जमालुद्दीननं सीटखालून सुतळीनं बांधलेलं पुडकं काढलं. "पोरीला दे. फ्रॉक आहे, पळताना पायात येणार नाय असा. आणि वाट वाकडी करून खतीजाकडे जा. म्हणावं, सांगितलंय, यंदा शिरखुर्मा कर. तू खा."

बस वळली आणि गेली.

तपासणीच्या टेबलावर शिपायानं सुतळी कापली, वेष्टनाचा कागद टरकावला, लाल फ्रॉक झटकून पाहिला आणि सगळं दत्तारामाच्या अंगावर ढकललं. "यल्ला, यल्ला!" मागची रांग पुढे रेटत होती. बाहेर विमानाला शिडी लागली होती.

दत्ताराम फ्रॉक पुन्हा गुंडाळायला लागला आणि थांबला. कागद वर्तमानपत्राचा होता, खेळाचं पान. पाटणकरच्या अंगठ्याच्या चार ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. कोपऱ्यात ओळखीचं अक्षर होतं: मिळालं, १५ मे.